आई पडल्या म्हणून सांगितलं

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही, देवळात बसून देवाजवळसुद्धा नाही — त्याला ठाऊकच असणार, मग त्याच्यापुढे वेगळं बोलून करायचंय काय? मी तशी फटकळ बाई. कोणाचं काय चुकलं ते तोंडावर सांगते. विजयाच्या पोटात काही राहत नाही, असं सगळं गाव म्हणतं. राहतं हो. चार वर्षं राहिलंय. तुम्ही माझे कोण, मी तुमची कोण — म्हणून तुमच्याजवळ बहुधा लिहून सांगता येईल.

माझ्या सासूबाईंच्या पायांबद्दल आहे हे. आणि माझ्या जिभेबद्दल.

आमचं गाव बोर्ली पंचतनपासून जवळ, समुद्राच्या अंगाला. घराच्या मागे सुपारीची वाडी, वाडीत विहीर, घरापासून विहीर साठेक पावलांवर. सासूबाईंना मी आईच म्हणायचे. ही गोष्ट घडली तेव्हा त्यांना एक्क्याण्णवावं चालू होतं, आणि त्या वयात त्यांचं एकही काम दुसऱ्या कोणाच्या हातात नव्हतं. उठणं, आंघोळ, स्वतःचं लुगडं धुणं, केस विंचरून आंबाडा घालणं — सगळं स्वतः. सावकाश, पण स्वतः. नऊवारी नेसायला त्यांना अर्धा तास लागायचा. एकदा घाई होती म्हणून मी निऱ्या धरायला पुढे झाले, तर हातावर चापटी बसली. म्हणाल्या, "मी अजून मेले नाही गो. मेल्यावर नेसव तुला हवं तसं."

आणि देवाचं पाणी. आमच्या घरी देवाला नळाचं पाणी चालत नाही. विहिरीचं लागतं, ताजं, आणि जी बाई पूजेची तयारी करते तिनंच ते काढायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा आई त्यासाठी घागर न्यायच्या. पुढे घागर जड व्हायला लागली तशी कळशी आली, मग कळशीही सुटली आणि चरवी आली. भांडं दर काही वर्षांनी लहान व्हायचं, पण ते दुसऱ्याच्या हातात जायचं नाही. मला हे तेव्हा हट्टीपणाचं वाटायचं. आता माझेच गुडघे बोलायला लागलेत, आणि मी धुण्याची मोठी बादली ठेवून लहान घेतली तेव्हा कळलं की या बाईनं म्हातारपण कसं करायचं ते मला डोळ्यांसमोर करून दाखवलं होतं. त्यासाठी मी त्यांची फार ऋणी आहे. पण हे मागाहून सुचलेलं शहाणपण.

पाय डळमळायला लागले तेव्हाही त्यांनी कोणाला विचारलं नाही. आमच्या वाडीत पंचवीस वर्षं काम करणारी हिरा आहे, तिला हाताशी धरलं आणि घराच्या मागच्या दारापासून विहिरीपर्यंत, सुपारीच्या झाडांना कमरेच्या उंचीवर सुंभाची दोरी बांधून घेतली. एका हातात चरवी, दुसरा हात दोरीवर. आमचे हे हसून म्हणाले होते, "सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही." आईही हसल्या होत्या. त्यांना ते कौतुकच वाटलं असावं, आणि यांनी ते कौतुकानंच म्हटलं होतं.

मग मला खुपलं कुठे? ते सांगते. इथूनच जीभ जड होते.

मोठ्या वादळात आमची निम्मी वाडी आडवी झाली. सुपारीचं नवं झाड हाताशी यायला सहा-सात वर्षं जातात, म्हणून मोकळ्या झालेल्या जागेवर आम्ही तीन खोल्या बांधल्या आणि मुंबई-पुण्याचे पाहुणे ठेवायला लागलो. आता आमच्या भागात घरोघरी तेच आहे. स्वयंपाक माझा, आणि माझ्या हाताला चव आहे हे मी विनय न करता सांगते. पाहुण्यांनी सुंभाच्या दोरीवर ओले कपडे वाळत घातले की आई ते काढून घड्या करून खोलीच्या दाराशी नेऊन ठेवायच्या, त्यावरून आम्ही कितीदा हसलो. तसं सगळं छान चाललं होतं.

एका मे महिन्यात पुण्याहून एक कुटुंब आलं. त्यातल्या बाई सकाळी वाडीत फिरायला निघाल्या आणि त्यांनी आईंना पोहरा ओढताना पाहिलं. अर्धाच भरायच्या त्या पोहरा, पण लांबून पाहणाऱ्याला ते कसं कळणार? बाई तडक स्वयंपाकघराच्या दारात. मी आंबोळ्या घालत होते. मला म्हणाल्या, "एवढ्या वयाच्या बाईला पाणी ओढायला लावता तुम्ही?" मी समजावलं. त्यांनी मान हलवली, आणि घरी जाऊन फोनवर लिहिलं — जागा सुंदर, जेवण उत्तम, पण नव्वदीच्या आजींकडून पाणी भरून घेतात हे पाहून वाईट वाटलं. जगानं वाचावं असं. जगानं वाचलं की नाही ठाऊक नाही, आमच्या गावानं वाचलं. देवळातल्या भजनाला बायका माझ्याकडे बघून एकमेकींकडे बघायला लागल्या. बोर्लीच्या बाजारात भाजी घेताना एकीनं हसत हसत विचारलं, "काय हो वहिनी, सासूबाईंना अजून विहिरीवर धाडता म्हणे?"

मला. जिनं इतकी वर्षं त्या घरात हाडांची काडं केली, तिला हे ऐकायचं? अंगाची लाही लाही झाली माझी. आणि राग कोणावर काढला? त्या बाईवर नाही, बाजारातलीवर नाही. आईंवर.

आधी विनवलं. मग चिडले. देवाचं पाणी मी काढीन म्हटलं, तर म्हणाल्या, "माझे हात मोडलेत का?" यांना मध्ये घातलं, तर हे म्हणाले, "करू दे तिला. त्याच्यावरच उभी आहे ती." बरोबर होतं यांचं. शब्दाशब्दाला बरोबर होतं. पण बाजारात यांना कोण विचारत होतं? लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही म्हणतात — मग मी जिच्या पायांना हात लावता येत होता तिच्या पायांना लावला.

ताकाला जाऊन भांडं किती लपवू? सांगते.

जूनचे पहिले दिवस होते, पाऊस अजून धरला नव्हता. हे सकाळच्या गाडीनं श्रीवर्धनला कचेरीच्या कामाला गेले होते. दुपारी परत आले, हातपाय धुतले, पाटावर बसले. मी ताट वाढलं. आणि आमटी वाढता वाढता म्हटलं, "सकाळी आई विहिरीच्या पायरीवर पडल्या."

ठरवलं होतं का मी? सकाळपासून ठरवलं होतं असं म्हणवत नाही, आणि ओघात तोंडातून निघालं असंही म्हणवत नाही. डाळ शिजवताना एकदा मनात येऊन गेलं होतं. ते मी हाकललं नाही, इतकं नक्की.

हे ताटावरून उठले. आई माजघरात जेवून आडव्या झाल्या होत्या, त्यांना हलवून उठवलं. पडलीस का, लागलं का, कुठे लागलं? आई गोंधळल्या. म्हणाल्या, "मी? कधी?" आणि माझ्याकडे पाहिलं.

इथे थांबता आलं असतं. चुकून बोलले, दुसऱ्याच कोणाचं सांगत होते, काहीही म्हणता आलं असतं. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "आई, असं काय करता? मीच नाही का तुम्हाला उचललं?"

पहिलं खोटं त्यांच्या पायांवर होतं. हे दुसरं त्यांच्या डोक्यावर.

त्या उठून बसल्या. मग हातानं कंबर चाचपली, मांडी चाचपली, दुखतंय का ते शोधायला लागल्या. आणि हळूच म्हणाल्या, "असेल बाई. विजया म्हणते म्हणजे पडले असेन. माझ्याच ध्यानात नाही."

माझ्यावर एवढा विश्वास होता त्यांचा. स्वतःच्या आठवणीपेक्षा जास्त. हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं, आणि कळलं ते असं कळलं.

बोर्लीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांना काहीच सापडलं नाही, सापडणार कुठून? या वयात पुन्हा पडू देऊ नका, एवढं म्हणाले. मला तेवढं पुरलं. त्याच संध्याकाळी मी सुंभाची दोरी माझ्या हातानं सोडली आणि गुंडाळून माळ्यावर टाकली. देवाचं पाणी मी काढायला लागले. न्हाणीघरात प्लास्टिकचं स्टूल आणलं, आईंना त्यावर बसवून मीच आंघोळ घालायला लागले. लुगडं मी नेसवायची. चापटी आली नाही. हात दोन्ही बाजूंना सोडून त्या उभ्या राहायच्या.

आणि बरं का — खोटं कशाला बोलू आता — पहिले पंधरा दिवस मला बरं वाटलं. कामं पटापट व्हायची. बायका यायच्या, म्हणायच्या, सून असावी तर अशी. आई त्यांना सांगायच्या, "विहिरीवर पडले गो मी. विजयानं एकटीनं उचललं मला. ती नसती तर तिथंच राहिले असते." दर वेळी तेच सांगायच्या, आणि सांगताना माझा हात धरायच्या. मी चहा टाकायला उठायची.

मग एक दिवस त्यांनी मला विचारलं, "मी जेवले का गो?" जेवून तास झाला होता. असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, जेवलात. दुसऱ्या दिवशी विचारलं, पूजा झाली का, मी आंघोळ केली का. पडल्याचं आठवत नाही म्हटल्यावर दुसरं तरी काय आठवत असेल, असं धरून चालल्या होत्या त्या. स्वतःला विचारायचं सोडून सगळं मला विचारायला लागल्या. दीड महिन्यात पायांतलं बळ गेलं. पाटावरून उठताना दोघांना धरावं लागायचं. गणपतीत त्यांना खुर्चीत बसवून आरतीला आणलं, आणि त्या घरात पहिल्यांदा मोदकाला त्यांचा हात लागला नाही.

हिरानं एकदाच विचारलं. मी पाणी काढत होते, ती सुपाऱ्या वेचत होती. वेचता वेचता, वर न बघता म्हणाली, "वयनी, आजी पडल्या कंदी म्हनायच्या? त्या दिशी सकाळी मी हितंच व्हते. मला न्हाय दिसल्या."

मी म्हटलं, तू पलीकडे असशील. ती म्हणाली, "व्हय, आसंन." आणि पुढे वेचत गेली. पुन्हा कधी विषय नाही. कोणाजवळ नाही. पण दुसऱ्या दिवसापासून काम संपलं की ती मागच्या दाराशी यायची आणि आईंना हाक मारायची — आजी, चला वाईच वाडीत, सुपारी कशी धरली बघा. तिचे हात धरून आई पाच पावलं यायच्या, दगडावर टेकायच्या, परत यायच्या. हिरानं मला एका शब्दानं दुखवलं नाही आणि माझं मोडलेलं सांधायला घेतलं. तिचे उपकार मी कशानं फेडू?

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. बघता बघता माझं पहिलं बाळंतपण आठवलं. फार अवघड गेलं होतं ते. दीड महिना मला उठवत नव्हतं. आईंनी माझं सगळं केलं — सगळं म्हणजे सगळं, नाक न मुरडता. आणि मग एक दिवस म्हणाल्या, पुरे, आज दारापर्यंत. दुसऱ्या आठवड्यात तुळशीपर्यंत. मी रडायची, त्या ऐकायच्या नाहीत. मी आज दोन पायांवर उभी आहे ती त्यांच्या त्या न ऐकण्यामुळे. त्यांनी मला खरोखर उचललं होतं.

दसऱ्याच्या आधी मी माळ्यावरून दोरी काढली. बांधायला हिराला बोलावलं, तिनं काही न विचारता बांधली. चांगली वेळ होती खरं सांगायची. आईंच्या पायाशी बसायचं, म्हणायचं, तुम्ही पडला नव्हतात, मी बनवून सांगितलं. किती वेळ लागला असता? त्याऐवजी मी काय म्हणाले? "डॉक्टर म्हणालेत, चालवा यांना." डॉक्टर कधी म्हणाले नव्हते. एका खोट्यानं मोडलं ते दुसऱ्या खोट्यानं बांधायला निघाले मी, आणि पुन्हा शहाणी ठरले.

पण आई चालल्या. तो त्यांचा पराक्रम, माझा नाही. आज पहिल्या झाडापर्यंत, चार दिवसांनी दुसऱ्या. आंघोळ पुन्हा हातात घेतली. लुगडं नेसायला आता पाऊण तास लागायचा, मी दाराबाहेर बसून राहायची आणि आत जायची नाही. नव्या रोपांच्या मुळाशी तांब्या-तांब्यानं पाणी घालायच्या. मला हाक मारून दाखवायच्या, हे बघ गो, याला नवं पान आलं. त्यानंतरची जी तीन वर्षं मिळाली, ती माझ्या संसारातली सगळ्यात गोड वर्षं. आधी आम्ही सासू-सून होतो, दोघी ताठ. या तीन वर्षांत दुपारी वाडीत बसून किती बोललो, किती हसलो. ते सुख मला मिळालं, आणि माझी लायकी नसताना मिळालं, म्हणून रोज हात जोडते.

फक्त विहीर राहिली. दोरी धरून त्या शेवटच्या झाडापर्यंत यायच्या, विहिरीची पायरी दिसली की थांबायच्या. हिरा म्हणायची, चला की आजी, मी हाय. मी म्हणायची, चला, दोघी आहोत. आई मान हलवायच्या. "नको गो. तिथं मी पडले होते." आणि वळायच्या. त्या पायरीवर त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. नव्या नवरीच्या वयापासून त्या तिथे पाणी काढत होत्या. तीन वर्षं रोज त्या तिथून भिऊन परत फिरल्या, आणि मी शेजारी उभी असायची. देवाचं पाणी त्यांनी पुन्हा काढलं नाही.

गेल्या वर्षी त्या गेल्या, चौऱ्याण्णवाव्या वर्षी. चार दिवस अंथरुणावर, बस. शेवटच्या दिवशीही पेल्याला स्वतःचा हात लावून पाणी प्यायल्या. त्याच्या आदल्या दिवशी माझा हात धरून म्हणाल्या, "त्या दिवशी तू उचललंस म्हणून इतकी जगले." खोलीत आम्ही दोघीच होतो. अगदी दोघीच. मी त्यांच्या केसांवरून हात फिरवला. याहून सोपी वेळ कोणाला मिळते?

तेराव्याला माझी नणंद सगळ्यांसमोर उभी राहिली. रडत म्हणाली, आईला वहिनीनं पडल्यावर उचललं, नंतर फुलासारखं जपलं, मी लेक असून मला जमलं नसतं. आणि आईंचं सणाचं इरकली लुगडं, जे लेकीकडे जायचं, ते तिनं माझ्या ओंजळीत ठेवलं. भावकीतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. हिरा दाराशी बसली होती. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या नजरेत राग नव्हता. मी लुगडं कपाळाला लावलं आणि घेतलं.

हे आमच्या यांच्या वाचनात येईल, नणंदेच्याही येईल. येऊ दे.

आई पडल्या नव्हत्या. मी त्यांना उचललं नव्हतं. त्या सकाळी त्या स्वतःच्या पायांनी विहिरीवर गेल्या आणि स्वतःच्या पायांनी घरी आल्या.